फक्त स्फूर्तीसाठी

१८ जून, गुरुवार

लिहायला बसायचं टाळण्यासाठी गेले दोन महिने मी बाकी सगळी कामं केली. खोली झाडली. गादी उन्हात टाकली. नवनाथच्या मोटरसायकलची चेन साफ केली, आणि ती गाडी माझी नाही. एकदा वही उघडून पहिल्या पानावर 'नागसेन' एवढं लिहिलं, तेवढ्यात खालून भेळवाल्याची घंटा वाजली. आडनाव अजून राहिलंय. वही अंजलीनं दिली. अंजली म्हणजे माझी मोठी बहीण. तिला कुणीतरी सांगितलंय की रोज लिहिलं की माणसाचं चित्त थाऱ्यावर राहतं. माझं चित्त थाऱ्यावर नाही हा आमच्या घरात पास झालेला ठराव आहे, बारावी सोडली तेव्हाच. पुढे मी गोव्याला शॅकवर वेटर झालो, हिमाचलात औषधांची खोकी भरली, निगडीला मोबाईलची कव्हरं विकली. आता भोसरीत नवनाथबरोबर खोली घेऊन राहतो आणि चाकणला एका कंपनीत सीटबेल्टची बकलं तपासतो. खट्, लागलं. खट्, निघालं. दिवसभर हेच. चित्त एकदम थाऱ्यावर.

आज साप्ताहिक सुट्टी आहे, नवनाथ घोरतोय आणि खाली भेळवाला आलेला नाही, म्हणून लिहितो.

कंपनी अमेरिकेची आहे. म्हणजे मालक तिकडे, घाम इकडे. चार जुलैला अमेरिकेला अडीचशे वर्षं होणार म्हणे, तर तिकडच्या हेडऑफिसनं जगातल्या सगळ्या प्लांटना हुकूम सोडलाय: गेटजवळ एक बोर्ड लावा. कशाचा? तर अमेरिकन जनतेला एकत्र बांधणाऱ्या आणि स्फूर्ती देणाऱ्या आदर्शांचा. मला हसू आवरेना. बांधून काय ठेवलंय त्यांना? बातम्यांत बघावं तर एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. दवाखान्याचं बिल बघून माणूस परत आजारी पडतो असा तो देश. आणि आम्हाला आदर्श पाठवतायत, आमच्याकडे जसे काही संपले होते.

भेळवाला आला.

२० जून, शनिवार

एचआरच्या स्वरूपा मॅडमनी लाईनवरून बोलावून घेतलं. मला वाटलं, गेलो. मागच्या महिन्यात ऑडिटला आलेल्या गोऱ्याशी मी इंग्लिशमध्ये दोन शब्द बोललो होतो. तो संडास शोधत होता, आणि मी सोडून कुणाला ते कळत नव्हतं. एवढ्यावर माझी कीर्ती पसरली आहे.

मॅडम म्हणाल्या, "नागसेन, बोर्ड मराठीतही हवाय. स्थानिक भाषेत लावून फोटो पाठवा, असं वरून आलंय. तू करशील?"

म्हटलं, "मॅडम, मी बारावी सोडलेला."

"म्हणूनच. लोकांना कळेल असं लिही. दोन दिवस इथं बसून कर, लाईनवर जाऊ नकोस."

इथं म्हणजे एसीत. अमेरिकेच्या आदर्शांसाठी मी पाच मिनिटं दिली नसती, पण दोन दिवस एसीसाठी मी चीनचेही आदर्श लिहून दिले असते. मॅडम दुपारी डबा घेऊन पार्किंगमध्ये गेल्या आणि गाडीत बसून जेवल्या. रोज तशाच जेवतात. केवढा तो माज!

इंग्रजी बोर्डावर पाच ओळी आहेत आणि खाली लिहिलंय की हेच आमच्या कंपनीच्या प्रत्येक कारखान्याचेही आदर्श आहेत. त्याखाली प्लांटहेड साहेबाची सही. मी तासाभरात उरकलं. नवनाथ म्हणतो इतकं लवकर कसं जमलं. काय माहीत. शब्द शोधावे लागलेच नाहीत, जिभेवर असल्यासारखे आले. समता, संधी, दर्जा. लहानपणी काळेवाडीच्या विहारात बाबा सव्वीस जानेवारीला संविधानाची प्रास्ताविका म्हणायला लावायचे, सगळी पोरं रांगेत, चड्डी सावरत. मी ते कधीच ऐकायचो नाही, खिचडीकडे बघायचो. तर ते कारण नसणार.

उरलेला दिवस एसीत झोपलो. उद्याही तेच.

२३ जून, मंगळवार

बोर्ड लागला. पेंटर विलासनं हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवला:

सगळी माणसं जन्मानं सारखी. कुणी वर नाही, कुणी खाली नाही.
आपलं मत मोकळेपणानं सांगायचा हक्क प्रत्येकाला आहे.
संधी सगळ्यांना सारखी.
सत्ता लोकांची असते आणि ती त्यांच्याच मर्जीनं चालते.
आपलं सुख शोधायची मोकळीक प्रत्येकाला आहे.
हेच आपल्या कंपनीच्या प्रत्येक कारखान्याचे आदर्श आहेत.

खाली साहेबाची सही, तीही विलासनं हुबेहूब काढलेली.

आता आमच्या भिंतीचं सांगायला पाहिजे. या भिंतीवर विलासनं जे काही रंगवलं ते त्या दिवसापासून लागू होतं. 'सेफ्टी शूज सक्तीचे' असंच एका सकाळी निळ्या रंगात उगवलं, आणि दुपारी चपला घातलेल्या तिघांना घरी पाठवलं. मोबाईलबंदी अशीच आली. नोटीसबोर्डावरचे कागद वाऱ्यानं उडतात, पण भिंत म्हणजे कायदा. निळा रंग आणि खाली सही. शाळा न शिकलेला माणूसही इथं हे दोन दिवसांत शिकतो.

सकाळी पंच करायला रांग लागली होती. पुढे मंजुळाबाई. ह्या पॅकिंगला आहेत, आमच्यासारख्याच ठेक्यावर. चऱ्होलीच्या, जुन्या गावातल्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात. ओळीवर बोट फिरवत, मोठ्यानं, एकेक अक्षर सोडवत त्यांनी सगळा बोर्ड वाचला. मागून लोक ओरडतायत, "ए मावशी, आटप की! पगार कापतील!"

मावशी माझ्याकडं वळल्या. "नागसेना, ही सही साहेबाचीच हाय ना?"

"हो."

"आन् आपली कंपनी म्हंजी हीच?"

"दुसरी कुठली असणार मावशी?"

"मंग ठीक हाय," म्हणून पंच करून आत गेल्या.

त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला तेव्हाच कळलं होतं. सांगता आलं असतं की मावशी, हे तसलं नाही. पण म्हटलं, बघू तरी मजा.

२४ जून, बुधवार

मजा झाली.

कंपनीत जेवायच्या जागा दोन. पर्मनंट लोकांना कॅन्टीन: पंखे, खुर्च्या, गरम पोळी. ठेक्याच्या लोकांना स्क्रॅपयार्डमागची पत्र्याची शेड. पंखा नाही, खाली फरशीसुद्धा नाही, डबा मांडीवर घेऊन बसायचं. भंगाराचा वास फुकट. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण कुणी मोडतही नाही.

तर दुपारी मावशी आपला डबा घेऊन कॅन्टीनमध्ये गेल्या आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी कंपनीचं जेवण मागितलं नाही. आपलीच भाकरी, आपलीच मेथी. नुसत्या बसल्या.

मी काचेतून बघत होतो. पर्मनंटांच्या युनियनचे अध्यक्ष लक्ष्मणराव उठून आले. पिकलेल्या मिशा, कपाळाला बुक्का, चालण्यात असा रुबाब की मशीनसुद्धा बाजूला व्हावं.

"बाई, वाट चुकलात काय?"

"न्हाई की."

"ही कंपनीच्या माणसांची जागा आहे."

"मी काय जनावरांची हाय व्हय?" मावशींनी घास मोडला. "गेटावरचा बोर्ड वाचला न्हाई का तुमी? कुनी वर न्हाई, कुनी खाली न्हाई. कालपासनं लागू हाय. साहेबाची सही हाय."

कॅन्टीन खदखदून हसलं. मीही हसलो, बाहेर. लक्ष्मणराव मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अकरा वर्षं भांडून आम्ही हे पंखे मिळवलेत बाई. दोन माणसं त्यात घरी गेली. बोर्ड वाचून नाही मिळाले."

"मंग आता बोर्ड लागलाय तर बरंच झालं. तिसरं कुनी जायाला नको."

लक्ष्मणराव परत जाऊन बसले, पण त्यांनी ताट पुरं केलं नाही. मला ह्या पर्मनंट लोकांची कीव येते. कालपर्यंत हेच 'कामगार एकजुटीचा विजय असो' म्हणून गेटवर ओरडत होते. एक म्हातारी शेजारी बसली तर घास उतरेना.

आणि मावशी! एवढं वय झालं, पण भिंतीवर लिहिलेलं खरं मानायचं. अशा माणसांमुळेच जगात बोर्ड रंगवणाऱ्यांचं फावतं.

२६ जून, शुक्रवार

काल सुट्टी झाली. आज मावशींबरोबर आणखी चौघी गेल्या. एकीनं जाताना बोर्डाला हात लावून नमस्कार केला, हळदीकुंकू वाहायचंच काय ते बाकी. मी तोंड फिरवलं. आमचे लोक कशालाही देव करतील.

नवनाथ बीडचा. जेवताना शेडमध्ये म्हणतो, "भावा, आपुनबी जावं का? लई उकडायलंय इथं."

म्हटलं, "जा की. अमेरिकेनं बोलावलंय तुला."

"तू नाही येत?"

"मला हा पत्राच आवडतो."

तो गेला नाही. माझ्याकडं बघत बसला, जसं काही मी त्याला अडवलंय.

गोव्यात एक अमेरिकन भेटला होता, ते आठवलं. दाढीवाला, अनवाणी. चार-पाच संध्याकाळी एकच बिअर पुरवून प्यायचा आणि मला त्याचा देश समजावून सांगायचा. मी विचारलं, तुमच्याकडे तुम्ही म्हणता तसं काहीच नाही, मग म्हणता कशाला? तो म्हणाला, आम्ही ते पाळत नाही हे खरंय. आमच्याकडे ज्यांनी 'सगळे सारखे' असं लिहिलं त्यांच्याच घरी गुलाम होते. पण लिहून ठेवलं होतं म्हणून त्या गुलामांच्या नातवंडांना त्यांची गचांडी धरता आली. आम्ही एकमेकांशी भांडतो ते याच शब्दांवरून, नाहीतर आमच्यात एक असं काहीच नाही. भाषा नाही, देव नाही, जात नाही. मी म्हटलं, बिल देतो का? तो बिल न देता गेला. माझ्या पगारातून कापलं. त्याच्या आदर्शांची किंमत मला चांगली ठाऊक आहे.

हे कुठून कुठं गेलं? हां, कॅन्टीन. दुपारनंतर ठेकेदार ज्योतीरामशेठ येऊन गेला. पांढरी गाडी, पांढरे बूट. मॅडमच्या केबिनमध्ये बराच वेळ होता.

२९ जून, सोमवार

मावशींचं कार्ड बंद केलं. सकाळी पंच केलं तर लाल दिवा. परत केलं तर परत लाल. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मावशी, शेठला विचारा." बाकी चौघींना आत घेतलं, त्यांनी म्हणे माफी मागितली.

मावशी बोर्डाखाली उभ्या राहिल्या. सिक्युरिटीवाल्याला म्हणाल्या, "दोन नंबरची ओळ वाच."

त्यानं वाचली नाही. मान खाली घालून गेट लावून घेतलं.

मावशींचा मुलगा मोशीजवळ टेम्पोखाली येऊन पाय मोडून घरी पडलाय. घरात पगार यांचा एकटीचाच. हे मला आज कळलं. आधी कळलं असतं तर? तर काय, काही नाही.

दुपारी माझं जेवण झालं नाही. मेसवाल्याचं तेल खराब असणार.

३० जून, मंगळवार

खट्. खट्. आज माझ्या हातून बारा बकलं सदोष गेली. सुपरवायझर म्हणाला, लक्ष कुठंय? म्हटलं, अमेरिकेत.

१ जुलै, बुधवार

मॅडमनी पुन्हा एसीत बोलावलं. या वेळी चहाही आला. चहा आला की समजावं.

"नागसेन, तू लिहिलेल्या बोर्डामुळे गैरसमज झालाय."

"मॅडम, जे इंग्लिशमध्ये आहे तेच लिहिलंय."

"माहीत आहे मला." मग चहा माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "पण हे स्फूर्तीसाठी आहे रे. अंमलबजावणीसाठी नाही."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. माझ्या खापरपणजोबांपासून सगळ्यांना कुणीतरी कधीतरी हेच सांगितलं असणार, फक्त एवढ्या चांगल्या मराठीत नाही.

तर प्रस्ताव असा. विलास भिंत पांढरी करून नवा बोर्ड रंगवणार. वर लिहायचं: 'माहितीसाठी: अमेरिकन जनतेचे आदर्श.' शेवटची ओळ, आपल्या कंपनीचेही हेच आदर्श ही, गाळायची. मी लिहून द्यायचं की ती ओळ मी मनानं घातली होती. म्हणजे चूक माझी, मंजुळाबाईंचा गैरसमज झाला, त्यांना परत आत घेतील. आणि चार तारखेच्या कार्यक्रमात नवीन बोर्ड मीच स्टेजवर वाचायचा.

"आणि इंग्लिश बोर्डावर ती ओळ आहे त्याचं काय?"

"ते राहू दे. ते कुणी वाचत नाही."

"मला काय मिळेल?"

हे विचारल्याचं मला काही वाटलं नाही. मॅडमना वाटलं. खिडकीकडं बघत म्हणाल्या, "एचआरमध्ये ट्रेनीची जागा आहे. वर्षभरानं कायम होता येईल." मग हळू आवाजात, "सगळ्यांचंच असं होत नाही. मला सहा वर्षं झाली."

सहा वर्षं एसीत बसून वर रडगाणं! म्हटलं, विचार करतो. विचार काय करायचा? मावशींना काम, मला खुर्ची, अमेरिकेला तिचे आदर्श परत. सगळे खूष. तरी सही केली नाही, पेन नव्हतं. म्हणजे मॅडमच्या हातात होतं. मी मागितलं नाही.

२ जुलै, गुरुवार

सुट्टी. मावशींना आनंदाची बातमी द्यायला चऱ्होलीला निघालो. वाटेत आळंदी रोडला मांजाच्या दुकानात शिरलो, जुलैत मांजा कोण विकतं म्हणून. मग एका नव्या टॉवरचं सॅम्पल फ्लॅट बघितलं, पाणी फुकट आणि सेल्सवाली 'सर' म्हणत होती. तिथं भिंतीवर स्वातंत्र्याच्या पुतळ्याचं चित्र होतं. टॉवरचं नावही काहीतरी लिबर्टी. असे फिरत फिरत दुपार केली. मावशींचं घर ह्या टॉवरच्या मागेच, कौलारू, दारात शेळी.

मुलगा कॉटवर, पाय उशीवर. सून चूल पेटवत होती. मावशींनी पाणी दिलं, मी सगळं सांगितलं. सून एकदम म्हणाली, "बरं झालं बाई! देव पावला."

मावशींनी विचारलं, "ती ओळ तू मनानं घातली व्हती का?"

"नाही."

"इंग्रजीत हाय?"

"आहे."

"मंग मनानं घातली म्हनून का लिवायचं?"

"मावशी, तुम्हाला आत घेतील म्हणून. चूक माझ्या अंगावर. तुमचं काय जातंय?"

"माजं काय जातंय?" मावशी शेळीच्या गळ्यातली दोरी सोडवत होत्या, गाठ सुटत नव्हती. "तू काय लिवायचं ते लिव बाबा, तुजा हात हाय. पर म्हातारी चुकून बसली, तिला कळत न्हाई, म्हनून मला आत घेत असतील, तर मी न्हाई येत. मी चुकून न्हाई बसले. वाचून बसले."

मुलगा कॉटवरून म्हणाला, "आये, खायाचं काय मग?"

"खातोयस ना आत्ता?"

"अगं पण पुढं?"

गाठ सुटली. शेळी तिथंच उभी राहिली.

मला इतका राग आला की चहाला थांबलोच नाही. ही काय पद्धत आहे? माणूस मदत करायला येतो. तर म्हणे वाचून बसले! प्रौढसाक्षरतेच्या वर्गात कुणी शिकवलं हिला वाचायला, त्याला धरून आणला पाहिजे.

येताना काळेवाडीवरून आलो. ते वाटेत लागत नाही. घरी गेलो नाही, कोपऱ्यावरून बघितलं. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. बोलणं बंद आहे आमचं, मी हिमाचलला न सांगता गेलो तेव्हापासून. पेपर मोठ्यानं वाचतात अजून, कुणी ऐकणारं नसलं तरी.

४ जुलै, शनिवार

हे नीट लिहितो, कारण उद्यापासून वेळच वेळ आहे.

सकाळी आत शिरताना मावशी डबा घेऊन गेटबाहेर उभ्या दिसल्या. पार्किंगमध्ये मांडव. अमेरिकेचे छोटे झेंडे, प्लांटहेड साहेबाचा लाल टाय, तीन मजली केक. पर्मनंट लोक खुर्च्यांवर, ठेक्याचे मागे उभे, पत्र्याच्या सावलीत. मोठ्या स्क्रीनवर अमेरिकेतल्या मालकानं आधीच करून ठेवलेलं भाषण दाखवलं. तो म्हणाला, आमच्या आदर्शांनी जग बदललं. मग स्क्रीन मध्येच अडकली, त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि तसंच राहू देऊन कार्यक्रम पुढं नेला.

सकाळी मॅडमनी छापलेला नवा मजकूर माझ्या हातात दिला होता. मी सही करायचं ते पत्र अजून कोरंच पडून होतं. म्हणाल्या, "आधी वाच, मग सही कर, घाई नाही." मी कागद खिशात घातला. वाचणारच होतो. खरंच. बूटसुद्धा पुसले होते.

माईकपाशी गेलो. खिशात हात घातला, कागद लागला, पण घडी उघडायचा कंटाळा आला. मला कधीकधी असा कंटाळा येतो. शाळेतही पेपर लिहिता लिहिता यायचा. मग जे पाठ होतं ते म्हटलं. सगळी माणसं जन्मानं सारखी, इथून. सहाच्या सहा ओळी. शेवटची जरा मोठ्यानं. कसं म्हटलं तर बाबा म्हणायला लावायचे तसं, प्रत्येक शब्दावर थांबत. ती चाल तोंडात बसलेली असणार, दुसरं काही नाही.

खुर्च्यांवरच्यांनी टाळ्या वाजवल्या, ते कशालाही वाजवतात. साहेबानंही वाजवल्या. मॅडमनी डोळे मिटून घेतले. आणि मागे उभे असलेल्यांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते ऐकत होते.

मग मी आणखी एक मूर्खपणा केला. माईक हातात होताच. म्हटलं, "हे भाषांतर मी केलंय. त्यात चूक नाही. मंजुळाबाईंनीही नीट वाचलंय. त्या गेटबाहेर उभ्या आहेत." एवढंच. ज्योतीरामशेठनं माईकची वायर काढली.

ह्यात हिरोगिरी काही नाही, हे लिहून ठेवतो. अमेरिकेचे आदर्श गेले खड्ड्यात. मला मॅडमनी दिलेलं मराठी आवडलं नाही, इतकंच. 'माहितीसाठी' म्हणे.

५ जुलै, रविवार

माझंही कार्ड लाल. नवनाथनं गाडी थांबवली, मी उतरलो, तो आत गेला. जाताना म्हणाला, "भावा, येडा हायस तू." येडा म्हणताना त्याचे डोळे कशाला भरले ते विचारलं नाही. त्याला धुळीची ॲलर्जी आहे.

विलास भिंत पांढरी करत होता. पहिला हात झाला तरी खालून निळी अक्षरं दिसत होती. दुसरा हात मारला. तरी पुसट दिसतातच. मला म्हणाला, "रंग चांगला वापरला होता रे."

६ जुलै, सोमवार

गेटसमोरच्या टपरीवर बसून लिहितोय. मावशी शेजारी आहेत. त्या रोज शेअर रिक्षानं येतात, डबा घेऊन, आणि गेटपाशी उभ्या राहतात. काही बोलत नाहीत, ओरडत नाहीत. सिक्युरिटीवाला मान वर करत नाही. मी म्हटलं, मावशी, घरी जा, ह्यात काही राम नाही. तर म्हणाल्या, "तू का आलायस मंग?" म्हटलं, चहासाठी. इथला चहा भिकार आहे.

अंजलीचा फोन आला होता. तिनं कुणाच्या तरी मोबाईलवर माझं स्टेजवरचं बोलणं ऐकलं म्हणे. बाबांनीही ऐकलं. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "काही नाही. दोनदा ऐकलं." मग मला दुसरंच काहीतरी सुचलं आणि फोन ठेवला.

आता काय करायचं ते ठरवलेलं नाही. गुजरातला सानंदला काम आहे म्हणतात. किंवा परत गोवा. मावशींच्या मुलाचा पाय बरा व्हायला महिने लागतील. सुनेनं काल टॉवरवाल्यांकडं धुण्याभांड्यांचं काम धरलं. मावशी मला भाकरी देतायत, मी नको म्हणतोय, भूक आहे तरी.

जेवणाचा भोंगा झाला. लोक शेडकडं जाताना इथून दिसत नाहीत, कॅन्टीनच्या काचा तेवढ्या दिसतात. लक्ष्मणरावांची कोपऱ्यातली नेहमीची खुर्ची रिकामी आहे. आले नसतील आज. की साहेबाबरोबर बसले असतील, ह्यांचं काय सांगावं.

नवनाथचा फोन. आतून, मोबाईलबंदी असताना. कुजबुजतोय.

"नाग्या, लक्ष्मणराव शेडमदी आलेत."

"कशाला? धमकी द्यायला?"

"नाय रे. कॅन्टीनचं ताट घेऊन आलेत. एकलेच. दारात उभे हायत, अन् आम्हालाच इचारायलेत, बसू का म्हणून."